जुन्या पेट्रोल कारला कोणतं इंजिन ऑइल: ५डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०?

सेकंडहँड कार घेतली आणि मीटर ८० हजारांच्या पुढे असला की पहिला सल्ला ठरलेला: "जुनी गाडी आहे, दाट ऑइल टाका." आमचं मत वेगळं आहे. गाडी ऑइल खात असेल तरच दाट ऑइलचा विचार करा. नुसते किलोमीटर जास्त झाले, हे त्याला कारण नव्हे.

खाते की नाही, हे कळायला हजार किलोमीटर पुरतात. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काठी, बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराचं अंतर असतं. हजार किलोमीटरमध्ये ऑइल वरून थेट खालच्या खुणेवर आलं, तर ते जळतंय किंवा गळतंय. सातारकरांना पसरणी घाट हाताशी आहेच. पाचगणीहून दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरा आणि वाईजवळ सपाटीला लागताच अ‍ॅक्सिलरेटर दाबा. तेवढ्यात मागे निळा धूर सुटला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबरी टोपीवर. चढताना, इंजिनवर जोर असताना धूर सतत येत असेल तर पिस्टनभोवतीच्या कड्यांवर, म्हणजे पिस्टन रिंगांवर.

आता दोन्ही ऑइल शेजारी ठेवू. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, नंतरचा १०० अंशांना तापल्यावरच्या दाटपणाचा. तापलेलं ५० हे तापलेल्या ३० च्या दीडपट ते दुप्पट दाट असतं. झिजलेल्या इंजिनात त्यामुळे खडखड दबते, ऑइल थोडं कमी जळतं. पण झीज आहे तिथेच राहते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा असेल, तर ती बारीक जाळ्यांतून येणाऱ्या ऑइलच्या दाबावर चालते. तिथे ५० ग्रेड सुस्त वाहतं, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, पेट्रोलही जास्त लागतं. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे गाडी चालू केली, तर ५डब्ल्यू वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) लवकर पोचतं. सांगलीच्या मे महिन्यातल्या उन्हाची भीती मात्र धरू नका. तब्येतीच्या इंजिनाला ३० तिथेही पुरतं.

म्हणजे इंजिन ठीक असेल तर पुस्तिकेतलंच ५डब्ल्यू-३०. खात असेल तर एकदम ५० वर न जाता एकच पायरी वर, ५डब्ल्यू-४०, आणि सोबत सीलची दुरुस्ती. पुस्तिकेतच २०डब्ल्यू-५० लिहिलेली कार्बोरेटरच्या काळातली गाडी असेल, तर ते बिनधास्त वापरा.

"सिंथेटिक ऑइलने गळती लागते" असंही सांगतात. खरं तर कडक झालेल्या सीलभोवतीचा गाळ धुतला जातो आणि आधीचीच गळती उघडी पडते. ऑइल भरायच्या झाकणाखाली काळा गाळ दिसला तर फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, टाळा. सुटलेला गाळ स्ट्रेनरमध्ये (ऑइल खेचणाऱ्या तोंडावरच्या जाळीत) अडकला तर इंजिनाला ऑइलच मिळत नाही. त्यापेक्षा ऑइलचे पहिले दोन बदल अडीच-तीन हजार किलोमीटरवर करा, दर वेळी फिल्टरसकट.

घरी ट्रॅक्टरसाठी आणलेली १५डब्ल्यू-४० ची बादली असते, तिच्यातलं ऑइल कारला नको. डिझेलच्या त्या ऑइलमधला फॉस्फरस धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो.

सांगली-मिरज भागातली गाडी घेताना आणखी एक गोष्ट बघा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. डिपस्टिकवरचं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. झाकणाखालचा थोडा पांढरा फेस थंडीत छोट्या फेऱ्यांनीही येतो, पण काठीवरचं दुधाळ ऑइल दिसलं तर गाडी चालूही करू नका. ग्रेडचा प्रश्न नंतरचा. आधी पाणी पुराचं की फुटलेल्या हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगमधून) आलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.