पुढचा जाड, मागचा कंपनीचाच: बीआरझेडमधल्या स्वे बारचा अनुभव

माझ्या २०१३ च्या सुबारू बीआरझेडमध्ये मी हिवाळ्याच्या तोंडावर आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीने न बनवलेल्या, स्वे बारचा संच बसवला. स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आणि वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळई. कॅलिफोर्नियातला पाऊस, त्यानंतरचा कोरडा उन्हाळा, ऑटोक्रॉसचा (मोकळ्या जागेत शंकू मांडून, वेळ लावून गाडी चालवण्याचा) हंगाम आणि लगूना सेका या रेस ट्रॅकवरचे ट्रॅक डे असं सगळं काढून झालं आहे. आज गाडीत पुढचा बार जाड आहे आणि मागे पुन्हा मूळ कंपनीचा बार आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या कूपेला बार घ्यायचा असेल तर पहिला बार पुढचा घ्यावा, मागच्याला हात लावण्याआधी थांबावं, असं माझं ठाम मत झालं आहे. इंटरनेटवर बहुतेक जण नेमकं उलटं सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ गाडीत पुढे १८ मिमी आणि मागे १४ मिमी जाडीचा बार येतो. व्हाइटलाइन, आयबाख, हॉचकिस, पेरिन, कुस्को अशा बऱ्याच कंपन्या या गाडीसाठी बार विकतात. मी घेतलेला संच पुढे २० आणि मागे १६ मिमीचा आहे. दोन्ही बारना टोकाशी एकाहून जास्त भोकं आहेत. एंड लिंक, म्हणजे बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी, बारच्या मधल्या भागाकडच्या भोकात लावली की बारचा हात, म्हणजे टोकाचा वाकलेला भाग, आखूड होतो आणि बार कडक होतो, शेवटच्या भोकात लावली की नरम. पुढचा, मागचा, दोन्ही, कडक, नरम अशा सगळ्या जोड्या करून बघता याव्यात म्हणूनच मी एकेक बार न घेता संच घेतला.

आता जाडीचं गणित. दोन्हीकडे दोन-दोनच मिमी वाढले, म्हणजे समतोल तोच राहिला, असं वाटतं. पण सळईचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ वरून २० वर गेलं की बार सुमारे ५२ टक्के कडक होतो. १४ वरून १६ वर गेलं की सुमारे ७१ टक्के. म्हणजे हा संच जसाच्या तसा बसवला की गाडीचा कल मागचा भाग सैल होण्याकडे झुकतो. पुष्कळ संच मुद्दाम असेच बनवलेले असतात, कारण गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा 'नाक वळत नाही' हीच असते. पुढे २२ मिमीचा बार घेतला तर ताठपणा मूळच्या सव्वादोन पटीच्या आसपास जातो. अर्थात हे आकडे फक्त बारचे. गाडी कलताना स्प्रिंगही विरोध करत असतात, त्यामुळे अख्खी गाडी काही ५२ टक्के कडक होत नाही.

दोन कंपन्यांचे बार निव्वळ मिमीवरून तोलू नयेत, हेही इथेच सांगते. हाताची लांबी वेगळी असली की सगळं बदलतं. शिवाय काही बार पोकळ असतात. आतला व्यास बाहेरच्याच्या निम्मा धरला तर पोकळ बारचं वजन भरीव बारपेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं, ताठपणा मात्र जेमतेम सव्वासहा टक्क्यांनी घटतो. त्यामुळे पोकळ बार स्वस्तातला माल आहे असं समजू नका.

बार नेमकं काय करतो हे नीट समजल्याशिवाय निवड करता येत नाही. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली तर बार बुशमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या लवचीक कड्यांमध्ये, नुसता फिरतो, त्याचा काही परिणाम नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं की तो पिळतो आणि विरोध करतो. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. बार तो भार कमी करत नाही. त्यातला किती पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या जोडीने, एवढंच तो ठरवतो. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या बाजूचा बार कडक, त्या बाजूची एकूण पकड थोडी कमी होते. या हिशेबाने पुढचा बार जाड केला की अंडरस्टीअर, म्हणजे नाक हवं तेवढं न वळणं, वाढायला हवं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

बीआरझेडमध्ये तसं होत नाही, आणि त्याचं कारण पुढच्या सस्पेन्शनमध्ये आहे. मागे डबल विशबोन आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट. स्ट्रटची गाडी कलली की बाहेरचं पुढचं चाक रस्त्याच्या मानाने बाहेर झुकतं, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा झुकाव, हातचं जातं आणि टायर खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, उभा राहतो. कंपनीच्या सेटिंगला पुढे कॅम्बर जवळजवळ शून्यच असतं, त्यामुळे शिल्लक काही नसते. पुढचा बार जाड झाला की गाडी कमी कलते, टायर जास्त सपाट बसतो. बारमुळे जेवढी पकड जाते त्याहून जास्त कॅम्बर टिकल्यामुळे परत मिळते. निदान माझ्या गाडीत, माझ्या टायरवर तसं झालं.

हे मी डोळ्यांनी बघितलं ते खडूमुळे. ऑटोक्रॉसला बरेच जण टायरच्या खांद्यावर, बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूची आडवी रेघ ओढतात. फेरी झाल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. बऱ्याच टायरच्या भिंतीवर एक बारीक त्रिकोण असतो, रेघ साधारण त्याच्यापर्यंत पुसली जावी. मूळ बारवर माझ्या पुढच्या डाव्या टायरची रेघ त्रिकोण ओलांडून खाली अक्षरांच्या दिशेने पुसली जायची आणि त्या भागात रबराची पिसं निघालेली दिसायची. पुढचा बार कडक भोकावर लावल्यावर, तेवढ्याच हवेवर, रेघ त्रिकोणाच्या वरच थांबली. उन्हाळाभर वापरल्यावर टायरची झीजही आता बाहेरच्या कडेला एकवटलेली नाही.

रस्त्यावर जाणवतं ते वेगळंच. हायवे ९ वरून सॅराटोगाहून वर स्कायलाइनकडे जाताना एकामागोमाग उलटसुलट वळणं येतात. पूर्वी डावीकडून उजवीकडे वळताना गाडी आधी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर व्हायची आणि मग वळायची, तेवढा क्षणभर स्टीअरिंग पोकळ वाटायचं. पुढच्या बारनंतर तो क्षण जवळजवळ नाहीसा झाला. हात फिरवला की नाक निघतं. या गाडीचा गुरुत्वमध्य मुळातच खाली आहे, आडव्या बॉक्सर इंजिनमुळे. त्यामुळे ती फार कलते असं कधीच नव्हतं. बारने कलणं कमी झालं त्यापेक्षा ते लवकर थांबायला लागलं, आणि मला महत्त्वाचं तेच वाटतं.

आता मागचा बार. पहिल्यांदा तो नरम भोकावर बसवला. कोरड्या रस्त्यावर मजा आली, खोटं कशाला बोलू. ब्रेक सोडत वळणात शिरलं की गाडी आपणहून फिरायची. कडक भोकावर मात्र चित्र पालटलं. लगूना सेकाचं अकरावं वळण हे डावीकडचं, अगदी हळू वळण आहे आणि त्यातून बाहेर पडलं की स्टार्ट-फिनिशचा सरळ पट्टा. तिथे लवकर ॲक्सिलरेटर देता आला तरच पुढच्या पट्ट्यावर वेग मिळतो. २०० हॉर्सपॉवरच्या गाडीला तर तोच आधार. कडक मागच्या बारवर मी पाय दाबला की आतलं मागचं चाक हलकं होऊन फिरायला लागायचं, इंजिनचा आवाज चढायचा आणि गाडी मात्र जागेवरून हलल्यासारखी वाटायची नाही.

यात टॉर्सन डिफरन्शिअलचा, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या यंत्रणेचा, दोष नाही. टॉर्सन आतल्या चाकाला जेवढी पकड आहे तिच्या काही पट जोर बाहेरच्या चाकाला देतो. आतलं चाक हवेतच उचललं गेलं तर पकड शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. मागचा बार जितका कडक, तितका तो आतलं चाक वर ओढणार. जी चाकं गाडी ढकलतात त्यांनाच असं अधांतरी ठेवून कसं चालेल? पुढचा बार कडक केला तर आतलं पुढचं चाक हलकं होतं, पण त्या चाकाला इंजिनचा जोर द्यायचाच नसतो. उलट पुढच्या जोडीने कलण्याचा जास्त भाग उचलल्यामुळे मागची दोन्ही चाकं जमिनीवर बरोबरीने बसतात. अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गात स्प्रिंग बदलता येत नाहीत, पण बार बदलायला मुभा असते. तिथे या जातीच्या गाड्या चालवणारे पुढे भलामोठा बार लावतात तो याचसाठी.

पावसात मागच्या जाड बारचा अनुभव मला अजिबात आवडला नाही. रेडवूडच्या झाडांखालचा रस्ता दिवसभर वाळत नाही, वर पानांचा चिखल. अशा ठिकाणी मागचा भाग काही न सांगता सुटायचा. पकड जिथे कमी, तिथे नरम सस्पेन्शन बरं, हे मला तिथे पटलं. जानेवारीतच मी मागे मूळचा १४ मिमीचा बार परत चढवला.

आरामाबद्दल. एका चाकाखाली खड्डा आला की बार तो धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो, त्यामुळे एका बाजूने उखडलेल्या रस्त्यावर डोकं डावीकडे-उजवीकडे हलतं. पुढच्या २० मिमीच्या बारने हे थोडं वाढलं आहे. रोज ऑफिसला जाताना त्रास होण्याइतकं नाही. स्पीड ब्रेकर सरळ घेतला तर काहीच फरक नाही, तिरका घेतला तर जाणवतो. घट्ट स्प्रिंगांपेक्षा बार परवडतो तो याच कारणाने.

बसवणं घरी जमण्यासारखं आहे. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून स्टँडवर घ्या. एकच बाजू जॅकवर असेल तर बार पिळलेला राहतो आणि लिंक निघता निघत नाही. खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढावं लागतं. एंड लिंकचा नट सोडवताना मधला स्टड ॲलन कीने धरून ठेवायचा, नाहीतर बॉल जॉइंट नुसता गरगरतो. सगळे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. लांबी बदलता येणाऱ्या लिंका घेतल्या तर त्यांची लांबी गाडी चारही चाकांवर, सपाट जागेवर, शक्यतो चालकाच्या वजनासकट उभी असताना जुळवा. शेवटची लिंक भोकात हाताने, जोर न लावता सरकली पाहिजे. ती ठोकून घालावी लागली तर बार सरळ उभ्या गाडीतही पिळलेला आहे, आणि मग गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागते.

पॉलियुरेथेनच्या बुशला ग्रीस लागतंच. थंड सकाळी सोसायटीच्या फाटकावरचा उंचवटा चढताना पुढून करकर ऐकू आली की ग्रीस संपलं समजायचं. बुश उघडून, जुनं पुसून, सिलिकॉनचं घट्ट ग्रीस आतून सगळीकडे लावलं की आवाज जातो. साधं पेट्रोलियम ग्रीस पहिल्या पावसात धुऊन निघतं. मी आता ऑईल बदलताना बुशही बघून घेते आणि ब्रॅकेटचे बोल्ट तपासते.

बार घ्यायच्या आधी मात्र टायर आणि अलाइनमेंट. ही गाडी नवी असताना मिशेलिन प्रायमसी एचपी, २१५/४५ आर१७, हे कमी पकडीचे टायर घालून विकली जायची. असल्या टायरवर बारचा फरक निम्माही कळत नाही. चांगले टायर आणि पुढे कॅम्बर बोल्ट घालून मिळणारं अंशभर कॅम्बर, एवढ्यावर बऱ्याच जणांचं समाधान होईल. माझ्याकडे दोन्ही आधीच होतं, म्हणून बारचं काम वेगळं ओळखता आलं. आणखी एक: त्याच काळातल्या सायन एफआर-एसला, म्हणजे याच गाडीच्या जुळ्या भावंडाला, पुढचे स्प्रिंग बीआरझेडपेक्षा नरम आणि मागचे कडक असतात. त्या गाडीला पुढच्या बारचा उपयोग माझ्यापेक्षाही जास्त होईल. मागचा बार तर त्या गाडीला मी मुळीच सुचवणार नाही. नंतरच्या वर्षांत कंपनीने सस्पेन्शनमध्ये बदल केले, तेव्हा पार्ट मागवताना गाडीचं वर्ष नक्की सांगा.

पुण्याहून भाचा विचारतो की त्याच्या पोलोला असा पुढचा बार घालू का. त्याला मी नाही म्हटलं. पोलो, स्विफ्ट, आय२० या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, मागे दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम. वळणातून निघताना त्यांचं आतलं पुढचं चाक फिरतं, आणि पुढचा बार कडक केला तर ते आणखीच हलकं होईल. अशा गाडीला मागच्या बीमला जोडायचा बार लावतात. त्याने आतलं मागचं चाक उचललं गेलं तरी बिघडत नाही, कारण ते नुसतं ओढलं जाणारं चाक आहे.