आठ महिने ताणकाटा वापरून: नववीची गणितं आणि आमची लिफ्ट

जूनमध्ये लेक नववीत गेली. विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, दुसरा ‘कार्य आणि ऊर्जा’. सूत्रं तोंडपाठ, पण उदाहरण जरा फिरवून विचारलं की गाडी अडायची. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रिंगचा, दहा किलोचा ताणकाटा आणला. रद्दीवाल्याकडे असतो तसला. डिजिटल मुद्दाम टाळला. त्यातले बरेचसे आकडा स्थिर झाला की तोच धरून बसतात, आणि मला काटा हलताना बघायचा होता.

पैसे वसूल झाले ते लिफ्टमध्ये. पाच किलो तांदळाची पिशवी अडकवली नि तळमजल्यावरून सातव्याकडे निघालो. आधी विचारलं, वर जाताना किती दाखवेल? “पाचापेक्षा जास्त. लिफ्ट वर ओढतेय ना!” लिफ्ट सुटली, काटा क्षणभर ५.४ वर गेला आणि परत ५ वर येऊन बसला. मधले मजले गेले तरी ढिम्म. सातवा जवळ आल्यावर ४.६ वर उतरला, मग पुन्हा ५.

“बाबा, पण मधे आपण वर जात होतो की!”

हेच मी तिला दोन महिने फळ्यावर सांगत होतो. वर जायला जादा बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. घरी आल्यावर तिनेच वही काढली: जादा ०.४ किलो म्हणजे ०.४ × ९.८ = ३.९२ न्यूटन, भागिले ५, त्वरण ०.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. (तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी “तांदूळ विकायला निघालात का?” असं विचारलं, तेही सोसलं.)

घर्षणालाही चांगला. पाटावर डबे ठेवून एकूण तीन किलो केले आणि फरशीवर ओढले. पाट हलेपर्यंत काटा १.५ पर्यंत चढला, सरकू लागल्यावर १.१ वर आला. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त का म्हणतात, ते वेगळं सांगावं लागलं नाही. दोन मीटर ओढल्यावर कार्य सुमारे २१.६ ज्यूल.

संवेगाला, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याला, मात्र काट्याचा काही उपयोग नाही. टक्कर इतक्या चटकन होते की काटा वाचेपर्यंत सगळं संपलेलं. तिथे कॅरम बरा: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर, साधारण ५ ग्रॅमची सोंगटी. समोरासमोर बसली की स्ट्रायकर थांबत नाही, मागोमाग जातो. आदर्श टकरीत त्याच्याकडे निम्मा वेग उरतो, सोंगटीला दीडपट मिळतो. संवेग आणि गतिज ऊर्जा दोन्ही जुळतात, करून बघा.

सगळ्यात मोठा दोष तबकडीवरच आहे. ताणकाटा मोजतो बल आणि दाखवतो किलो. लेकीने चाचणीत ‘ताण = ५’ लिहून गुण घालवले. मग तबकडीला कागदाची पट्टी चिकटवली: १ किलोसमोर ९.८ न्यूटन, २ समोर १९.६. आणताना पहिल्या दिवशीच हे करायला हवं होतं. शिवाय आता स्प्रिंग सैलावली आहे, काही न अडकवता १०० ग्रॅम दाखवते. दर वेळी ते वजा करायचं.

इमारतीला लिफ्ट नसेल तर घाई करू नका. पिशवी धरून उठाबशा काढून पाहिल्या. काटा नाचतो, पण वाचता काही येत नाही.