पेंटबॉल मार्कर: एक मोसम, दोन बंदुका आणि पोराच्या मानेवरचा वळ

मार्चमध्ये पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायच्या खेळाची, बंदूक घ्यायला दुकानात शिरलो तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "यातली सगळ्यात पॉवरफुल कुठली?" काउंटरवरचा पोरगा हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. "सगळ्या सारख्याच," एवढंच म्हणाला. मला वाटलं, याला विकायचंच नाहीये. एप्रिल ते नोव्हेंबर सोळा वेळा मैदानावर जाऊन, दहा-अकरा हजार गोळ्या उडवून आणि दोन मार्कर (या खेळातल्या बंदुकीला मार्करच म्हणतात) वापरून झाल्यावर तो काय सांगत होता ते आता कळतंय.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. गणपतीत ओळखी झालेली पाच-सहा घरं, त्यातले बाप आणि मिसरूड फुटलेली पोरं, असा आमचा गट. आधीचा अनुभव म्हणाल तर लोणावळ्याला ऑफिसच्या सहलीत तासभर खेळलेलो. भाड्याची गन, भाड्याचा मास्क, पन्नास गोळ्या, खेळ खलास. स्वतःची घ्यायची म्हटल्यावर मात्र डोक्यात तेच बालपणीचं बेचकीचं गणित: रबर जितकं ताणाल तितका दगड लांब.

ते गणित इथे चालत नाही. नेहमीची गोळी असते पॉइंट ६८ कॅलिबरची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर जाड आणि ३ ग्रॅम वजनाची. वर जिलेटिनचं पातळ कवच, आत पाण्याने धुतला जाणारा रंग. तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जायचा नाही, ही या खेळातली सर्वमान्य मर्यादा. बहुतेक मैदानं स्वतःची मर्यादा आणखी खाली ठेवतात: उघड्यावर २८० च्या आसपास, बंदिस्त जागेत त्याहूनही कमी. आत सोडण्याआधी क्रोनोग्राफसमोर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर, चार-सहा गोळ्या मारून दाखवायच्या. आकडा जास्त आला तर वेगाचा स्क्रू फिरवून खाली आणायचा, नाहीतर बाहेर बसायचं. म्हणजे शंभर डॉलरची गन असो नाहीतर हजाराची, मैदानात तीच गोळी त्याच वेगाने जाणार. मग पैसे कशाचे मोजायचे? दर वेळी तोच आकडा येण्याचे. हे मला मे महिन्यात कळलं, आणि ते जरा महागात पडलं.

पहिली मार्कर मी जुनी घेतली. साधी ब्लोबॅक (गॅसच्या धक्क्यानेच पुढच्या गोळीसाठी तयार होणारी), दणकट, सोबत २० औंसाचा कार्बन डायऑक्साइडचा टँक. विकणाऱ्याने एवढंच सांगितलं, "तेल घालत जा." मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी हुडहुडी भरेल इतकी थंडी होती, ८ अंशांच्या आसपास. क्रोनोवर आकडे आले २३१, २२६, २३५. गोळ्या समोरच्याला लागून न फुटता टणकन उडून पडायच्या. मी ॲलन की घेतली, स्क्रू सोडत सोडत २७५ वर आणला आणि खूश झालो. दुपारी ऊन पडलं, २६ अंश झालं. आम्ही पोळीभाजीचे रोल खात बसलो होतो आणि गन टेबलावर, टँक उन्हात.

जेवणानंतरच्या दुसऱ्या डावात माझा मुलगा, वय १४, समोरच्या संघात होता. पिंपामागून धावताना त्याला मी टिपला. बाप-लेकातली ती मजा असते, मी ओरडलोही. तो बाहेर आला तेव्हा मानेवर हात धरलेला. हात काढला तर रुपयाएवढं गोल, मध्ये पांढरं आणि कडेने लालभडक, एका बाजूला कातडं फुटून रक्त. रंगपंचमीला गच्चीवरून मारलेला फुगा लागतो तसं काही नव्हतं ते. रेफरी, साठीच्या घरातला गृहस्थ, काही न बोलता हातातला छोटा क्रोनो घेऊन आला. "तिकडे तोंड करून मार." ३१७. पुन्हा. ३२१. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उन्हातल्या टेबलाकडे, आणि बॅरलच्या तोंडावर चुकून सुटलेली गोळी अडवणारा कापडी सॉक चढवून गन माझ्या हातात दिली. त्या दिवसापुरता माझा खेळ संपला.

कारण शाळेच्या पुस्तकातलं आहे. टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याच्यावर जो वायू असतो त्याचा दाब तापमानावर ठरतो, टँक किती भरलाय यावर नाही. ५ अंशांना साधारण ५७५ पीएसआय (चौरस इंचावर किती पौंड, हे दाबाचं माप), २० अंशांना ८३०, ३० अंशांना हजाराच्या पुढे. मी सकाळच्या गारठ्यासाठी स्क्रू उघडला आणि दुपारच्या दाबाला तसाच उघडा ठेवला. त्यात भराभर गोळ्या मारल्या की टँक गार पडतो, दाब उतरतो, कधी द्रवच आत शिरतो आणि बॅरलमधून पांढरी वाफ येते. नुसतं थांबलात की दाब पुन्हा चढतो.

वेग २८० चा ३१० झाला तर वाढ ११ टक्क्यांची. पण गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे अंगावर बसणारा तडाखा जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो. २८० ला ३ ग्रॅमची गोळी ११ ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन येते, ३०० ला साडेबारा. माझी ३२१ ची गोळी १४ च्या पुढे होती. आणि एवढं करून पल्ला किती वाढला? नाममात्र. हलकी, जाड गोळी हवेत लगेच मंदावते. चाळीस-पन्नास यार्डांपुढे नेम म्हणजे नवसच. शिवाय वेग वाढवला की गोळी बॅरलमध्येच फुटायची शक्यता वाढते आणि मग पुढच्या वीस गोळ्या रंगात लडबडून वाट्टेल तिकडे जातात.

जूनमध्ये दुसरी मार्कर घेतली: प्लॅनेट एक्लिप्सची एमेक १००. पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी नाही, ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी. ही फक्त दाबलेल्या हवेवर चालते, कार्बन डायऑक्साइड चालत नाही. मी तिच्याकडे वळलो ते त्यामुळेच. हवेचा टँक ६८ घनइंचाचा, ४५०० पीएसआयपर्यंत भरायचा. टँकच्या तोंडावरचा रेग्युलेटर तो दाब ८०० च्या आसपास उतरवतो, गनमधला रेग्युलेटर आणखी बराच खाली. उन्हाने फरक पडत नाही असं नाही, पण जुलैतल्या ३३ अंशांच्या दुपारी मी मुद्दाम पुन्हा मोजलं: २७१, २७४, २६९, २७३, २७२, २७०. सकाळचे आकडेही असेच होते. हे पाहिल्यावर जो जीव शांत होतो त्याचे मी पैसे दिले. आवाजही बराच कमी, आणि गोळी चेंबरमध्ये, म्हणजे उडण्याआधी ती बसते त्या जागी, चिरडली जाण्याचा प्रकार मोसमभरात दोनदाच झाला, दोन्ही वेळा गोळ्याच पावसात भिजून फुगलेल्या होत्या.

अडचण एकच, पण ती आधी समजून घ्या. हवा भरून मिळायला हवी, आणि ४५०० पर्यंत भरणारा कॉम्प्रेसर सगळीकडे नसतो. आमच्या जवळच्या दुकानात ३००० च मिळते. पूर्ण टँकवर मला नऊशेच्या आसपास गोळ्या मिळतात, ३००० वर सहाशेच्या आत. दुपारी तीनला संपते आणि मग मी लोकांकडे हवा मागत हिंडतो.

एक बावळटपणाही सांगतो. जुन्या गनच्या सवयीने मी हिच्यात तेल घातलं. हिला ग्रीस लागतं, तेही ओ-रिंगांवर, म्हणजे आतल्या रबरी कड्यांवर, बोटाने पातळसं फिरवून. आठवडाभर पहिली गोळी नेहमी मंद जायची. पुसून ग्रीस लावलं आणि ठीक झालं. तसंही गन बराच वेळ पडून राहिली की पहिली गोळी वेगळ्या वेगाने जाऊ शकते, म्हणून क्रोनोवर एकच मारून खूश होऊ नका. सहा मारा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

लांब बॅरल घ्यावी का, हे आमच्या गटातल्या नागपूरकराने मला दहादा विचारलं आणि शेवटी न विचारता १६ इंची घेऊन आला. "दूर जाते ना बे!" जात नाही. हवेचा रेटा पहिल्या आठ-दहा इंचांतच लागून जातो, पुढचं नळकांडं आवाज कमी करतं आणि झाडीत अडकतं. बघायचं ते गोळी आणि बॅरल यांचं माप. गोळी बॅरलमध्ये टाका: आपोआप घरंगळून बाहेर पडली तर बॅरल सैल, अडकून राहिली आणि तोंडाने फुंकल्यावर सुटली तर बरोबर. या एका फुंकरीने माझा नेम जेवढा सुधारला तेवढा दुसऱ्या कशाने नाही. नागपूरकराची गन गटात सगळ्यात महाग आहे आणि तो सगळ्यात आधी आऊट होतो. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या हेनिकर गावात हा खेळ पहिल्यांदा झाला तेव्हा हातात झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या गन होत्या, 'मार्कर' हे नाव त्यावरूनच आलं. बारा जणांत जिंकला तो जंगलखात्यातला माणूस, एकही गोळी न मारता. हे नागपूरकराला सांगितलं तर म्हणतो, "मग पैसे कायले घातले आपण?"

पैसे घालायचेच तर आधी मास्कवर. पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ१७७६ असं लिहिलेला, डोळे, कान, तोंड झाकणारा. कारखान्यातला चष्मा किंवा स्कीइंगचा गॉगल अजिबात नाही. लेन्स दुपदरी, म्हणजे थर्मल, घ्या. का, ते सांगतो. पहिल्या दिवशी पोराला भाड्याचा एकपदरी मास्क दिला होता. वाफ धरली, काही दिसेना, आणि त्याने मैदानात उभं राहून तो कपाळावर सरकवला. आपण सगळे चष्मा असाच वर करतो, विचार न करता. रेफरी असा ओरडला की दोन्हीकडचे लोक हात वर करून थांबले. अख्ख्या मोसमात माझ्या पोटात गोळा आलेला क्षण तो एकच. मानेवरचा वळ आठवड्यात गेला, डोळा परत येत नाही. आता त्याच्याकडे थर्मल लेन्सचा मास्क आहे आणि वाफ आली तर पोरगा गुडघ्यावर बसून हात वर करतो, बाहेर आणला जातो, मगच मास्क काढतो. जवळून जोरात मार बसलेली लेन्स बदलून टाकायची, तडा दिसो न दिसो.

घरातला किस्सा जुन्या गनचा. टँक काढून गॅरेजमध्ये साफ करत होतो. टँक नाही म्हणजे गन रिकामी, असं गृहीत धरलं. नळीत उरलेला गॅस एका गोळीपुरता पुरतो हे माहीत नव्हतं. ट्रिगर दाबला आणि गॅरेजमधल्या फ्रीजवर केशरी चट्टा. फ्रीजमध्ये आईने दिलेलं लोणचं होतं, त्याला काही झालं नाही. बायको दारात उभी होती. "फ्रीजच्या जागी मी असते तर?" यावर उत्तर नव्हतं. तेव्हापासून क्रम ठरलेला: आधी हॉपर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, उतरवायचा, मग बॅरल सॉक चढवायचा, मग हवा बंद करून सुरक्षित दिशेला सगळा गॅस सोडायचा, आणि शेवटी चेंबरमध्ये डोकावायचं. एमेकमध्ये खालची घुंडी फिरवली की आतली हवा सुटते, तरी डोकावायचंच.

धाकटी दहा वर्षांची आहे आणि तिलाही खेळायचंय. तिच्यासाठी पॉइंट ५० कॅलिबरची भाड्याची गन घेतो. गोळी सव्वा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे त्याच वेगालाही ऊर्जा साडेचार ज्यूलच्या आसपास. तिने मला पाठीत दोनदा मारली, चिमटा काढल्यासारखं वाटलं. दादाच्या खेळात मात्र तिला सोडत नाही.

जुना टँक घेताय तर त्यावरची तारीख वाचा. हवेच्या टँकची पाण्याच्या दाबाने चाचणी दर काही वर्षांनी व्हावी लागते, माझ्या टँकला ती पाच वर्षांनी आहे. कार्बन फायबरच्या टँकचं आयुष्य साधारण पंधरा वर्षांचं. मुदत संपलेल्या टँकमध्ये शहाणा दुकानदार हवा भरत नाही. मी जुन्या गनबरोबरचा टँक नंतर तपासला, तर त्याची चाचणी कधीच टळून गेली होती. तो आता स्क्रॅपमध्ये गेलाय.

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, येताना एक घेऊन ये ना." नाही आणणार. विमानात भरलेला टँक चालत नाही, आणि शस्त्रांच्या नियमांवरून मुंबईच्या कस्टमशी हुज्जत घालायची माझी हौस नाही.

गेल्या रविवारी शेवटचा खेळ झाला, शून्याखाली दोन. एमेकची पहिली गोळी २४१, मग २६२, मग २६८ वर स्थिरावली. स्क्रूला हात लावला नाही.