लोलापालूझा, महालक्ष्मी रेसकोर्स: स्टिंगची वाट पाहण्यात गेलेला रविवार

लोलापालूझा हा कॉलेजातल्या पोरांचा संगीत महोत्सव, आपलं तिथे काय काम, असं म्हणून माझ्या वयाची जी मंडळी घरी बसली, त्यांनी 28 जानेवारी 2024 चा रविवार हुकवला. हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मी साठीच्या उंबरठ्यावर आहे, गुडघे कुरकुरतात, आणि तरीही दुपारी चारपासून शेवटच्या सुरापर्यंत मी मैदानात होते. पुन्हा जाईन.

तिकीट काढलं ते फक्त स्टिंग या इंग्लिश गायक-बासवादकासाठी. भाचीला शनिवारच्या जोनास ब्रदर्स या अमेरिकन बँडचं वेड. त्यातल्या निकला, प्रियांका चोप्राच्या नवऱ्याला, 'जीजू, जीजू' ओरडून तिचा घसा पार बसला होता, तरी रविवारी माझ्याबरोबर आली. "मावशी, तुझा माणूस शेवटी आहे. आपण सातला निघू ना," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. ज्याला ऐकायला चाळीसहून जास्त वर्षं थांबले, त्याच्यासाठी धावतपळत ऐनवेळी पोहोचणं मला जमलं नसतं.

आणि वयस्क कलावंताची वाट पाहण्यात एक धाकधूक असते, ती यंदा जास्तच होती. 13 जानेवारीला प्रभाताई अत्रे गेल्या. वय 91, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. सवाई गंधर्वमध्ये शेवटी त्यांना ऐकण्यासाठी आम्ही किती वेळा ताटकळत बसलो आहोत. त्या बातमीनंतर पंधरा दिवस मी रोज सकाळी आधी स्टिंगचा कार्यक्रम कायम आहे ना, हे बघायचे. स्टिंगचा जन्म 2 ऑक्टोबर 1951 चा, म्हणजे वय 72. आवाज राहिला असेल का? जुनी गाणी मूळच्या पट्टीत घेतील की खाली उतरवतील? 'द पोलीस' या त्याच्या जुन्या रॉक बँडच्या काळातली ती वरची फेक आता झेपेल का? लोकल चर्नी रोडहून सुटून महालक्ष्मीला लागेपर्यंत डोक्यात हेच चाललं होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा माणूस मुंबईला नवा नाही. 26 मार्च 1980 ला त्याचा हा पोलीस बँड धोबी तलावाच्या रंगभवनात वाजवून गेला होता. स्टिंग, गिटारवर अँडी समर्स, ड्रम्सवर स्टुअर्ट कोपलंड. टाइम अँड टॅलेंट्स क्लबने मदतनिधीसाठी तो कार्यक्रम ठेवला होता. परदेशातला चालू घडीचा, ऐन भरातला बँड मुंबईत येणं ही तेव्हा केवढी दुर्मीळ गोष्ट होती, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. माझा मावसभाऊ गेला होता. मी शाळेत, मला कोण सोडणार? तिकिटाचा अर्धा तुकडा दादाने कितीतरी वर्षं पाकिटात जपला होता, आणि कॅसेट लागली की तो बाहेर निघायचाच. ते रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं आणि तिथला आवाज बंद झाला. जॅझ यात्रा, कॉलेजच्या रॉक बँडांचे कार्यक्रम, सगळंच गेलं. उघड्या आभाळाखाली, तिकीट परवडेल अशी दक्षिण मुंबईतली ती जागा गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. रेसकोर्स तिची जागा भरून काढत नाही. पण आभाळ तरी उघडं आहे.

आता व्यवस्थेबद्दल. मैदानात रोख पैसे चालत नाहीत. मनगटावरच्या पट्ट्यात पैसे भरायचे आणि तोच टेकवत खायचं-प्यायचं. दोन मिनिटांत सवय होते. साध्या तिकिटात बसायचं ते गवतावर, हे धरूनच जा. आम्ही जुनी सोलापुरी चादर नेली होती. खाण्याच्या एका स्टॉलवर नूडल्स थंडगार मिळाले. बदलून मागितले तर पोरगा तोंड फिरवून उभा राहिला. भूक होती म्हणून खाल्ले, पण त्या भावात हे चालवून घेऊ नये. साडेसहाच्या सुमारास सूर्य कलला आणि हाजी अलीकडून वारा सुटला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

शेजारी विशीतली चार मुलं बसली होती, नाशिकहून आलेली. मला वाटलं, हे दुसऱ्या कुणासाठी आले असतील. तर तेही स्टिंगसाठीच थांबलेले! ज्यूस वर्ल्ड या अमेरिकन रॅपरच्या 2018 च्या गाण्यात जी गिटार वाजते, ती मुळात स्टिंगच्या 1993 च्या 'शेप ऑफ माय हार्ट'मधली. पोरं त्या वाटेने मागे मागे जात इथवर आली होती. ती सुरावट गिटारवादक डॉमिनिक मिलरची आणि तो गेली तीसहून जास्त वर्षं स्टिंगबरोबर वाजवतोय, हे मी सांगितलं. "काकू, म्हणजे आज तोच वाजवणार?" एकाने विचारलं. पुढचा तासभर आम्ही पोलीसच्या पाचही अल्बमांवर बोलत बसलो. त्यांचं लाडकं 'सिंक्रोनिसिटी', माझं 'रेगाटा द ब्लांक'. वाट पाहण्याचा तो सगळ्यात सुंदर भाग. उशिरा आले असते तर हे घडलंच नसतं.

मग मंच आवरायला सुरुवात झाली. आधीच्यांचं सामान गेलं आणि स्टिंगचा तो बास गिटार आला. 1950 च्या दशकातला फेंडर प्रिसिजन, फोटोंत शंभरदा पाहिलेला. जिथे हात घासतो तिथला रंग पार उडून खालचं लाकूड उघडं पडलं आहे. तंत्रज्ञाने एकेक तार छेडून पाहिली. पोटात असा गोळा आला की भाचीचा हात घट्ट धरला.

गाण्याबद्दल थोडंच लिहिते. आवाज आहे. जुन्या गाण्यांत वरच्या सुरावर आता तो पूर्वीसारखा तुटून पडत नाही. सूर नेमका धरतो, जरा लवकर सोडतो आणि पुढचं लोकांकडून गाऊन घेतो. श्वास कुठे वाचवायचा हे कळलेल्या गवयासारखं. मला हे तरुणपणच्या रेकॉर्डपेक्षाही भावलं. पोलीसच्या 'रॉक्सॅन' गाण्याला नाशिकची पोरं आणि मी एकाच आवाजात ओरडत होतो. दादाला फोन लावून धरला होता. त्याला गोंगाटापलीकडे फारसं काही ऐकू आलं नाही, तरी त्याने फोन ठेवला नाही.

साठीच्या आसपासच्यांनी पुढच्या वेळी जायचं ठरवलं तर एवढं करा. रविवारचा मेगाब्लॉक आधी बघा. मऊ तळाचे बूट घाला, चप्पल नको. रेसकोर्सवर धूळ उडते, दम्याचा त्रास असेल तर मास्क न्या. मंचासमोर अगदी पुढे जाण्याचा अट्टहास नको. ध्वनियंत्रणेचा तंबू मैदानाच्या मध्यावर असतो, त्याच्या जरा पुढे उभे राहा. आवाज तिथे सगळ्यात स्वच्छ येतो. दहाच्या आत कार्यक्रम संपतो, तेव्हा टॅक्सीच्या मागे न लागता गर्दी थोडी ओसरू द्या आणि सरळ महालक्ष्मी स्टेशनकडे चालत सुटा. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली.