एपीआरएस डॉट एफआय: नकाशावर उमटणारी आपली वाट

इंदूरच्या राजेंद्रनगरातील घराच्या गच्चीवर २ मीटर बँडचा (हौशी रेडिओसाठीच्या सुमारे १४४ मेगाहर्ट्झच्या लहरींचा) अँटेना उभारून मी गेले वर्षभर एपीआरएस डॉट एफआय हे रेडिओवरून कळवलेली स्थाने नकाशावर दाखवणारे संकेतस्थळ वापरत आहे आणि हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओ संदेशवहन करण्याच्या, परवानाधारकांनी ते अवश्य वापरावे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेल्या एपीआरएस (ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम) पद्धतीत गाडीतील ट्रॅकर जीपीएसकडून मिळालेले स्थान १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट) वेगाच्या छोट्या पॅकेटमधून, म्हणजे माहितीच्या तुकड्यातून, प्रसारित करतो, आयगेट केंद्र ते ऐकून इंटरनेटवर पाठवते आणि काही क्षणांतच आपल्या कॉलसाइनसह (परवान्यासोबत मिळालेल्या ओळखसंकेतासह) गाडीचे चिन्ह नकाशावर उमटते.

ओंकारेश्वरला जाताना सिमरोलपर्यंत माझी रेषा सलग होती. भेरूघाटात ती तुटली, कारण तेथील दरीतून लहरी माझ्या गच्चीवरील अँटेनापर्यंत पोहोचत नाहीत. हा दोष संकेतस्थळाचा नव्हे, त्या वाटेवर एखादा डिजिपीटर (ऐकलेले पॅकेट पुन्हा प्रसारित करणारे केंद्र) हवा. मला सर्वांत मोलाचे वाटते ते कच्च्या, म्हणजे जशीच्या तशी दाखवलेल्या, पॅकेटांचे पान. कोणते पॅकेट कोणत्या मार्गाने कोणत्या आयगेटपर्यंत पोहोचले, हे तेथे ओळीने वाचता येते. अँटेना हातभर वर चढवल्याने पडलेला फरकही मला तेथेच दिसला. नकाशा पाहण्यासाठी नोंदणी लागत नाही, त्यामुळे आई घरबसल्या माझी गाडी पाहत होती आणि चिन्ह थांबलेले दिसताच तिने फोन केला.