सापडलेला रेणू आणि घडवलेला रेणू: पेटंट भारतात, अमेरिकेत की युरोपात?

मातीतल्या एखाद्या जिवाणूतून तुम्ही नवं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) वेगळं काढलंय, आणि तिन्हीकडे अर्ज करण्याएवढा पैसा नाही. मग देश नंतर निवडा; आधी पाहा, की हा रेणू निसर्गात आहे तसाच आहे की तुम्ही त्यात काही बदल केलाय.

तसाच असेल तर युरोप सगळ्यात उदार. नैसर्गिक वातावरणातून वेगळा काढलेला पदार्थ तिथे युरोपीय संघाच्या १९९८च्या जैवतंत्रज्ञान निर्देशानुसार पेटंटला पात्र ठरू शकतो. मानवी जनुकाचा तुकडासुद्धा, फक्त त्याचा उपयोग अर्जातच सांगावा लागतो. अमेरिकेने हे दार २०१३ मध्ये लावून घेतलं. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ आणि २ या जनुकांवर मिरियड कंपनीने हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं, की डीएनए नुसता वेगळा काढल्याने पेटंट मिळत नाही, प्रयोगशाळेत आरएनएवरून बनवलेली डीएनएची प्रत, म्हणजे सीडीएनए, मात्र चालेल. माहिती दोन्हींत तीच, त्यामुळे मला ही रेघ ओढूनताणून आणलेली वाटते. पण कायदा आज तोच आहे. भारतात तर पेटंट कायद्याचं कलम ३(सी) स्पष्टच आहे: निसर्गात आढळणारा पदार्थ, सजीव असो वा निर्जीव, पेटंटबाहेर.

बदल केला असेल तर चित्र पालटतं. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या, तेल पचवणाऱ्या जिवाणूला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच पेटंटयोग्य मानलं, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी. भारतातही सूक्ष्मजीवांना वाव आहे, पण रेणूच्या बाबतीत ३(डी) आडवं येतं. मूळ पेप्टाइड आधीच माहीत असेल, तर नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात नोव्हार्टिसने शरीरात औषध ३० टक्के जास्त शोषलं जातं असं सांगितलं. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही. तेव्हा ‘अमुक जागचं अमिनो आम्ल बदललेलं पेप्टाइड’ एवढ्याच क्लेमवर (अर्जातल्या हक्काच्या मागणीवर) भारतात विसंबू नका. मूळ आणि बदललेलं, दोन्हींची जिवाणू मारण्याची ताकद शेजारीशेजारी दाखवणारा तक्ता अर्जात हवाच.

उपचारपद्धतीचा क्लेम अमेरिकेत चालतो, भारतात ३(आय)मुळे नाही. उलट, शरीरातल्या एखाद्या खुणेवरून निदान करणारी चाचणी अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या मेयो निकालापासून, म्हणजे निसर्गनियमावर बेतलेल्या चाचणीला पेटंट नाकारलं गेल्यापासून, फार अडचणीत आहे. युरोपात नमुन्यावर केलेली चाचणी चालू शकते.

माझा कौल: रेणू जसाच्या तसा असेल तर युरोपावर भर द्या, आणि भारत-अमेरिकेसाठी तो काढण्याची नवी प्रक्रिया किंवा बदललेलं रूप पुढे करा. पहिला अर्ज मात्र भारतातच. इथे राहणाऱ्याला परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करता येत नाही; इथे केल्यावर सहा आठवडे थांबून जाता येतं, आणि परदेशातल्या अर्जाला या पहिल्या अर्जाच्या तारखेचा फायदा बारा महिने मिळतो. जिवाणू इतरांना मिळण्यासारखा नसेल, नुसत्या वर्णनाने भागत नसेल, तर तो अर्जाच्या दिवसापर्यंत पुण्याच्या एमसीसी किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहात जमा करा. इथलाच जिवाणू असेल तर पेटंट मिळण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणीही लागते.

आणि परिषदेतलं पोस्टर अर्ज होईपर्यंत गुंडाळूनच ठेवा. अर्जाआधी स्वतःच जाहीर केलेल्या शोधाला अमेरिका वर्षभराची सवलत देते, युरोप जवळजवळ काहीच देत नाही.