बुलेटचं हेड: नवीन व्हॉल्व्हचे पैसे घेतले आणि जुनेच घासून बसवले

इंदूरमध्ये किंवा आसपास, देवास-महू-उज्जैनवाले पण, कोणी जुनी कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरची) बुलेट बनवायला देत असेल तर हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, बंद व्हायच्या आधी हे वाचून घ्या. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत पूर्ण सांगतो, कारण ती कुठल्याही गॅरेजात वापरता येते आणि समोर उभं राहून बघणाऱ्यालाही कळत नाही.

गाडी बाबांची. १९७८ ची ३५०, मद्रासला एनफिल्ड इंडियाचं काम चालायचं तेव्हाची. बाबा गेल्यानंतर बरीच वर्षं जिन्याखाली झाकून ठेवलेली होती. इंजिन पूर्ण खोलून करायचं ठरलं तेव्हा चौकशी करून, दोन-चार बुलेटवाल्यांना विचारूनच गॅरेज निवडलं. तिथला उस्ताद, म्हणजे मुख्य मिस्त्री, बोलायला एकदम गोड, सगळं समजावून सांगणारा. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), पिस्टन, क्रँक ही कामं त्याने बाहेर लेथवर करून घेतली आणि ती बरी झाली, तिथे मला काही म्हणायचं नाही. फसवणूक झाली ती हेडच्या कामात. दोन्ही व्हॉल्व्ह नवीन, दोन्ही गाइड नवीन, दोन्ही सीट नवीन आणि वरून लॅपिंग, असे मिळून साडेनऊ हजार घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हॉल्व्ह म्हणजे झडपा, इनलेट हवा-पेट्रोल आत घेतो आणि एक्झॉस्ट धूर बाहेर सोडतो. गाइड म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, सीट म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकून बंद होतो ती कडी, आणि लॅपिंग म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं.

सीट बदलायचं कारण त्याने असं दिलं की जुन्या गाड्या लेड असलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या, आता ते मिळत नाही त्यामुळे जुनी सीट झिजून खोल जाते. हे तसं खोटं नाही. देशभर लेडवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं आणि त्यातलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये थोडं संरक्षण द्यायचं हे खरंच आहे. म्हणूनच असं बोलणं पटतं. खऱ्या माहितीवर तो खोटं बिल चढवत होता हे तेव्हा कोणाला कळणार?

नवीन व्हॉल्व्ह त्याने मला पाकिटातून काढून दाखवले, हातात दिले, चकचकीत होते, आणि मग म्हणाला, "भिया, लॅपिंग में टाइम लगता है, कल आना." दुसऱ्या दिवशी गेलो तर हेडमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट चढवून तयार. माझ्यासमोर त्याने हेड उलटं ठेवलं, कम्बशन चेंबरमध्ये छोट्या कॅनमधून पेट्रोल ओतलं आणि म्हणाला घड्याळ बघा. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. पाच मिनिटं झाली तरी पोर्टमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागच्या वाटेतून, एक थेंब नाही. जुने व्हॉल्व्ह म्हणून एक थैलीही हातात दिली, त्यात काळे पडलेले दोन व्हॉल्व्ह. आता यावर शंका घ्यायला जागाच कुठे उरते.

गाडी सुरू झाली. इंजिन थंड असताना ठीक, गरम झाली की बंद केल्यावर पुन्हा सुरू व्हायला जीव काढायची, सायलेन्सरमधून फटफट आणि चढावर दमच नाही. उस्तादकडे नेली की तो टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट) सेट करून द्यायचा. या इंजिनमध्ये थंड असताना पुशरॉड बोटांनी नुसता फिरला पाहिजे आणि वर-खाली हलायला नको, एवढंच टॅपेटचं सेटिंग असतं, त्यामुळे दर वेळी त्यातच दोष कसा निघतो हे मला खटकायला लागलं. मग "पेट्रोल खराब मिला होगा", मग कार्ब्युरेटर, मग "नया इंजन है, खुलने दो". शेवटी तर म्हणाला कास्ट आयर्नमध्ये इतनं तर चालतंच, हेड परत खोलायचं तर मजुरी वेगळी पडेल.

माझे मामा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात टर्नर होते, आता रिटायर आहेत, हात अजून तसाच आहे. त्यांनी गाडीला पाना लावायच्या आधी मला जे करून दाखवलं ते प्रत्येक बुलेटवाल्याला माहीत पाहिजे. गाडी बंद, पिस्टन कंप्रेशनवर आणायचा आणि किकवर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं. चांगल्या इंजिनमध्ये किक तुम्हाला थोडा वेळ धरून ठेवते आणि मग हळूहळू खाली जाते. माझी सरळ बसली. "आता पुन्हा दाब आणि ऐक, आवाज कुठून येतो," मामा म्हणाले. हवा सुटल्याचा फुस्स आवाज कार्ब्युरेटरच्या तोंडातून आला तर इनलेट गळतोय, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा सोडणाऱ्या नळीतून) आला तर पिस्टनच्या रिंगा. माझा सायलेन्सरमधून येत होता, स्पष्ट. डीकॉम्प्रेसरची (किक सोपी व्हावी म्हणून एक्झॉस्ट उचलून धरतो तो) वायर ताणलेली असली तरी असंच होतं, एक्झॉस्ट पूर्ण बसत नाही, म्हणून मामांनी ती आधीच ढिली करून बघितली होती. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि परत किक मारली. ऑइलने कंप्रेशन वाढलं असतं तर दोष रिंगांचा. फरकच पडला नाही.

हेड खोलायच्या आधी मी उस्तादला व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं की गाडीत हा दोष आहे, तुम्ही दुरुस्त करणार नसाल तर अमुक तारखेला दुसरीकडे खोलतो आहे, यायचं असेल तर या. निळी टिक आली, उत्तर नाही. हा मेसेज पुढे फार कामी आला.

आता आत काय निघालं ते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेऊन मामांनी आधी त्याची कड बघितली. व्हॉल्व्हच्या तिरक्या फेसच्या, म्हणजे सीटवर टेकणाऱ्या बाजूच्या, वर जी सरळ उभी कड असते ती नवीन व्हॉल्व्हला चांगली जाड असते, एक मिलिमीटरच्या खाली गेली की व्हॉल्व्ह फेकायचा, कारण पातळ कड लाल होऊन जळते. माझी कड नखाला धार लागावी इतकी पातळ. मग मायक्रोमीटर काढला. दांडा जिथे गाइडमध्ये घासतो तिथे आणि जिथे कधीच घासत नाही तिथे, अशी दोन मापं घेतली आणि चांगला दोन-तीन थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक निघाला. थोड्याशा चाललेल्या नवीन व्हॉल्व्हचा दांडा इतका झिजतच नाही. वरून तारेच्या ब्रशने चमकवला होता फक्त. फेसवर गोल-गोल खोल रेघा होत्या, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ड्रिल मशीनमध्ये पकडून जाड पेस्ट लावून गरगरा फिरवलेला. गाइड जुनेच, व्हॉल्व्ह आत घालून हलवला तर डोळ्यांना दिसेल इतका डुगडुगत होता. आणि सीट तर बदललीच नव्हती, व्हॉल्व्ह हेडमध्ये नेहमीपेक्षा खोल बसत होता आणि सीटच्या भोवतीचा जुना कार्बन जसाच्या तसा. थैलीतला "माझा जुना" एक्झॉस्ट मामांनी माझ्या गाइडमध्ये घालून बघितला, तो आत जाईचना. तो दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा होता.

मग पाच मिनिटं पेट्रोल थांबलं ते कसं? मी मामांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले परत लाव, परत लाव, आणि मग बोट ठेवून म्हणाले, "हे पेट्रोल नाही रे. कॅनमधून कसं पडतंय बघ, तेलाची धार आहे. आणि व्हॉल्व्हच्या कडेला हे पिवळट काय चमकतंय?" आमच्या ओट्यावरच त्यांनी तो प्रयोग करून दाखवला. त्याच गळक्या एक्झॉस्टच्या फेसला बोटाने ग्रीस फिरवलं, व्हॉल्व्ह बसवला, वरून ऑइल मिसळलेलं रॉकेल ओतलं. थांबलं, थेंब नाही. मग सगळं पुसलं, फेस आणि सीट पेट्रोलने धुऊन कोरडी केली आणि साधं पेट्रोल ओतलं. ओतून होईपर्यंत पोर्टमधून धार सुरू झाली. हे दोन्ही मी सलग एकाच व्हिडिओत घेतलं आहे.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? पैशांचा नाही. त्या माणसाने पेस्ट धुतलीसुद्धा नव्हती. पोर्टच्या कोपऱ्यात, गाइडच्या टोकाशी करडा थर वाळून बसलेला, बोटांत चोळला की रेती लागते. ग्राइंडिंग पेस्ट म्हणजे कार्बोरंडमच, ती लोखंड खाण्यासाठीच बनवलेली. ती इंजिनभर फिरली आणि नवीन केलेल्या बोअरमध्ये उभ्या रेघा पाडून गेली. म्हणजे जे काम चांगलं झालं होतं तेही याने घालवलं. सत्तर मिलिमीटरचं बोअर ओव्हरसाइजला (कापून मोठ्या मापाला) थोड्याच वेळा करता येतं, आणि बाबांच्या गाडीची त्यातली एक संधी अशीच वाया गेली.

खरं लॅपिंग मी मामांकडे बघितलं. आधी लेथवर गाइड नवीन बसवून रीमर मारून (भोक नेमक्या मापाचं करून) घेतले, कारण गाइड ढिला असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार आणि कितीही घासा, उपयोग नाही. मग त्या गाइडच्या आधाराने सीट ४५ अंशात कापली. खड्डे काढणं हे कटरचं काम आहे, पेस्टचं नाही. त्यानंतर सियागंजातून आणलेल्या डबीतली फक्त बारीक पेस्ट, तीही फेसवर तीन-चार ठिपके, आणि दांड्याला तेलाचा थेंब म्हणजे पेस्ट खाली गाइडमध्ये उतरत नाही. रबरी चकतीची काठी व्हॉल्व्हला चिकटवून दोन तळहातांत रवी फिरवतो तशी मागे-पुढे फिरवायची, मध्येमध्ये व्हॉल्व्ह उचलायचा, थोडा वळवून परत टेकवायचा. सुरुवातीला करकर आवाज येतो. हळूहळू तो मऊ होतो आणि हाताला पण कळतं की कण आता कापत नाहीत. तसं झालं की थांबायचं, जास्त घासलं तर पट्टा रुंद होतो. पुसून बघितलं तर फेसच्या मधोमध करड्या रंगाचा एकसारखा पट्टा, साधारण दीड मिलिमीटर, कुठे तुटलेला नाही. खात्रीसाठी सीटवर पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या आणि कोरडा व्हॉल्व्ह टेकवून किंचित फिरवला, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. मग रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, गाइडमधून कापडाची चिंधी ओढून ती पांढरी निघेपर्यंत धुणं. धुण्यालाच घासण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

म्हणून हेड कोणालाही द्या पण लॅपिंगनंतर व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय, सुटा, पुसलेला तुमच्या हातात मागा आणि तो पट्टा बघा. पेट्रोलची टेस्ट करायचीच तर तुमच्यासमोर फेस आणि सीट कोरडी पुसायला लावा आणि पेट्रोल तुमच्या बाटलीतलं वापरा. नवीन व्हॉल्व्ह दाखवले की त्याच क्षणी दांड्यावर, जिथे गाइड लागत नाही त्या वरच्या टोकाला, मार्करने स्वतःची खूण करा आणि फोटो काढा. गाडी देतानाच जुन्या पार्ट्सवरही खूण करता आली तर करा, म्हणजे दुसऱ्याचे जुने व्हॉल्व्ह थैलीत घालून देता येणार नाहीत. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही, इंदूरमध्ये असे मिस्त्री आहेत आणि नंतर मला भेटलेही.

सगळे फोटो दाखवल्यावर उस्ताद म्हणाला, "आपने बाहर खुलवाया, अब गारंटी नहीं." मग मी स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवली. त्यात मायक्रोमीटरची मापं, दोन्ही व्हिडिओ, तो व्हॉट्सॲप मेसेज आणि त्याच्या हातचं कच्चं बिल, सगळं जोडलं. त्याने हेडचे अर्धे पैसे परत केले आणि बोअरचं नुकसान मान्य केलं नाही, म्हणून बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये गॅरेजची सेवाही येते, घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असं नाही. आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल कच्चं असलं तरी घ्या, पण त्यावर "हेडचं काम" असं मोघम चालवून घेऊ नका. किती व्हॉल्व्ह, किती गाइड, सीट बदलली की फक्त कापली, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि खाली त्याची सही. माझ्या कच्च्या बिलावर "सीट नई २" असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे म्हणून मी आज आयोगापुढे उभा राहू शकतो आहे.